महिपती वायदंडेचे श्रीमंत केस

महिपती वायदंडे हा श्रीमंत माणूस आहे, ही बातमी सगळ्यांत उशिरा महिपतीलाच कळली आणि तीही थेट सरकारकडून.

त्या दिवशी तो बायकोला घेऊन मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्यात ‘जीवनाधार’ योजनेच्या खिडकीपुढं उभा होता. त्याच्या हृदयातली एक झडप निकामी होत आली होती. जन्मभर सप्तसूर ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला हा गडी एकेकाळी वरात चौकातून वळून दिसेनाशी होईपर्यंत एका दमात सूर धरायचा. आज दवाखान्याचा जिना चढतानाच मध्ये दोनदा बसला होता. डॉक्टर हेर्लेकरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की झडप बदलावी लागेल आणि फार तर दिवाळीपर्यंत थांबता येईल. खर्च ऐकल्यावर शेवंतानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, खुर्चीचा हात घट्ट धरला. तेव्हा बाई म्हणाल्या, "घाबरू नका. ऑपरेशन योजनेत बसतं. फक्त तुम्ही योजनेत बसायला हवं."

आणि महिपती बसत नव्हता.

"काका, तुमचा निकाल उच्च मध्यम गटात आलाय," खिडकीतली ऋजुता सबनीस पडद्याकडे बघत म्हणाली. "त्यातही वरच्या बाजूला."

"मी?"

"तुमचे केस."

महिपतीनं स्वतःच्या अंगाकडे बघितलं. बँडचा जुना कोट होता; खांद्यावरची सोनेरी झालर एका बाजूनं उसवून लोंबत होती. त्याला वाटलं, पोरीनं झालर बघून अंदाज बांधला असावा.

पण अंदाज पोरीचा नव्हता, यंत्राचा होता. या यंत्राआधी गरिबी कागदावर ठरायची, आणि कागदाचं काय सांगावं! दुमजली बंगल्यात राहणारे लोक दाखला काढून फुकट गुडघे बदलून घ्यायचे आणि खरे गरजू तलाठ्याच्या दारात उभे राहून वाळायचे. शेवटी कुणा हुशार माणसानं म्हटलं, कागद खोटं बोलतो, केस बोलत नाही. त्यातून ‘केसवाचक’ आला. त्यामागचं शास्त्र अगदी खरं होतं. माणसाचा केस महिन्याला साधारण बोटाच्या अर्ध्या पेरानं वाढतो आणि जे खाल्लं त्यातूनच तो घडतो. ऊस, मका, ज्वारी यांच्यातला कार्बन गहू-तांदळातल्या कार्बनापेक्षा कणभर जड असतो. दूध-मांस खाणाऱ्याच्या अंगातला नायट्रोजन डाळ-भात खाणाऱ्यापेक्षा जड असतो. हा फरक केसात जसाच्या तसा उतरतो. केस टोकापासून मुळापर्यंत वाचत गेलं, की माणसानं मागच्या मोसमात काय खाल्लं, या मोसमात काय खाल्लं, सगळं कळतं. जो जसं खातो तशी त्याची ऐपत, असा हिशेब सरकारनं लावला. खिडकीत बसणाऱ्या मुलींना ‘केशसेविका’ असं भारदस्त नाव मिळालं. लोक त्यांना सरकारी न्हावीण म्हणत.

"हे बघा," ऋजुतानं पडदा त्यांच्याकडे वळवला. "दूध, साखर, तूप, सुकामेवा. इथं तर रेघ वरच गेलीय. पुढं एकदम खाली येते, परत वर. काय होतं काका या वेळी?"

महिपतीनं डोळे बारीक केले. "वर गेलीय ती लगीनसराई. खाली आली तो पौष."

मग सगळा उलगडा झाला. महिपती लग्नात वाजवायचा आणि बँडवाल्यांच्या शेवटच्या पंगतीला जेवायचा. शेवंता शुभदा मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायची, वाढायची, भांडी आवरायची आणि उरलंसुरलं डब्यात घालून घरी आणायची. कार्यालयात हल्ली बारा महिने काही ना काही चालूच असे. साठीशांत, साखरपुडा, डोहाळजेवण. घरात तेलाची बाटली रिकामी असायची, पण डब्यात काजूकतली असायची. गेल्या उन्हाळ्यात वीज तोडल्यावर दोघं अंधारात अंगूरमलईचा डबा उघडून बसली होती.

"ते उरलेलं असतंय हो ताई," महिपती म्हणाला. "लोकांच्या पानातलं न्हवं, पातेल्यातलं. पन उरलेलंच."

"मला कळतं काका. पण उरलेलं की विकतचं, ते केसाला कळत नाही." ऋजुताला खरोखरच वाईट वाटलं होतं. "घरातल्या दुसऱ्या कुणाचा केस चालेल. एक जण पात्र ठरला की सगळं घर पात्र."

"दोघंच हाय आमी. लेक दिली तासगावला. आन हिचा केस घिऊन काय फायदा? एकाच डब्यातलं खातोय. उलट हिच्यातनं जास्तच बासुंदी निघंल, करनारीच ती."

शेवंतानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

घरी येताना रिक्षात तिनंच तोड काढली. "जुनं केस श्रीमंत हायत न्हवं? मग काढून टाका. नवं येतील ते गरीब आनू."

महिपतीला बायकोच्या अकलेचं कौतुक वाटलं. पण दुसऱ्या दिवशी त्यानं फोन करून नियम विचारला तेव्हा कळलं, की डोक्यावर पुरेसे केस नसतील तर सरकार मिशीचे घेतं. महिपतीची मिशी साधी नव्हती. क्लॅरिनेट तोंडात धरली की ती दोन्ही बाजूंनी अशी डोलायची, की वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या नवऱ्यामुलाऐवजी तिच्याकडे बघत राहायच्या. ‘जीव मोठा का मिशी मोठी’ असा प्रश्न शेवंतानं दोनदा विचारला. दोन्ही वेळा तो लगेच उत्तर देऊ शकला नाही. तिसऱ्यांदा विचारायच्या आधी ती न्हाव्यालाच घरी घेऊन आली.

आता तुळतुळीत डोकं आणि साफ केलेली मिशी घेऊन आपल्याकडे माणूस घराबाहेर पडला, की लोक काय समजतात? महिपती कोपऱ्यावर मीठ आणायला गेला आणि परत येईपर्यंत दारात शेजारच्या चार बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

"कोन गेलं वो?" एकीनं हळूच विचारलं.

खरं सांगायचं म्हणजे सरकारला फसवायचा बेत गल्लीभर करण्यासारखं होतं. महिपतीच्या तोंडून निघून गेलं, "थोरलं चुलतं. अथनीचं."

अथणीला महिपतीचं कुणीही नव्हतं. पण बोलून बसला खरा. मग वय विचारलं गेलं, आजार विचारला गेला, शेवटचं काय बोलले तेही विचारलं गेलं. महिपती कलावंत माणूस. सूर सापडला की थांबायचा नाही. दुपारपर्यंत चुलत्यांना पैलवानकीचा नाद होता, संध्याकाळपर्यंत त्यांना एक घोडीही होती. ती घोडी त्यांच्यामागं अन्न सोडून उभी आहे हे ऐकून पलीकडच्या सुताराच्या म्हातारीला रडू आवरलं नाही.

आणि रिवाजाप्रमाणं दुखवट्याच्या घरात शेजारपाजाऱ्यांची भाकरी सुरू झाली. पिठलं-भाकरी, आमटी-भात, बिनफोडणीची भाजी. गोडाचं नाव नाही, तुपाचा थेंब नाही. सरकारला हवं होतं अगदी तसं अन्न दोन्ही वेळेला दारात यायला लागलं. "आरं, हे तर बेस झालं!" महिपती भाकरी मोडत म्हणाला. शेवंतानं मात्र उपास धरला होता. तिच्याकडे उपासांना तोटा नव्हता. सोमवार होता, चतुर्थी होती, दोन एकादश्या होत्या. ती माळकरी, मांसमच्छीला तर शिवायचीच नाही. आता नवऱ्याच्या झडपेसाठी तिनं शनिवार आणि मंगळवारही बोलला होता. महिपती तिला चिडवायचा, "वारांपेक्षा तुझं देव जास्त झाल्यात. आता आठवडा लांबवाया सांग पंचांगवाल्याला."

तेरावं झालं आणि भाकरी थांबली. मग खरी पंचाईत सुरू झाली. शेवंताच्या पगारात दोघांचं पोट कधीच भागत नव्हतं. भागत होतं ते कार्यालयाच्या डब्यावर. आता डबा बंद म्हणजे डाळ विकत, पीठ विकत, तेल विकत. बासुंदी फुकट होती आणि वरण महाग पडत होतं. गरीब दिसायचं तर त्याला जी ऐपत लागते, ती या गरिबांकडे नव्हती. महिनाभरात शेवंतानं कानातली फुलं मोडली आणि महिपतीला सांगितलं की हरवली.

अशात एका दुपारी कार्यालयाच्या कोठीत तिला मालक सापडले. मालक म्हणजे भालचंद्र पाटगावकर. शुभदा कार्यालय त्यांचं, शिवाय दोन गोदामं आणि द्राक्षबाग. ते पोत्याआड बसून चोरासारखी जिलबी खात होते.

"शेवंताबाई, घरी बोलू नका," ते कळवळून म्हणाले. "त्या आहारवालीनं माझा पार सांगाडा केलाय. नाचणीची आंबील, मोड आलेले मूग, जवसाची चटणी, कोरडी भाकरी. रोज तेच. साखर बंद, तूप बंद. आणि वर हे बघा."

त्यांनी खिशातून फोन काढून सरकारचा संदेश दाखवला. घरोघरी केस गोळा झाले तेव्हा पाटगावकरांचेही गेले होते. केसवाचकानं त्यांना अतिगरीब ठरवलं होतं. ‘आपल्या हलाखीची शासनाला जाणीव आहे’ असं लिहून वर पौष्टिक पिठाची पिशवी घरपोच पाठवली होती. "द्राक्षबागेच्या फाटकावर आणून दिली हो पिशवी. वॉचमनपुढं!"

शेवंतानं त्यांच्या डब्याकडे बघितलं. नाचणी, मूग, कोरडी भाकरी. रोज, न चुकता, मालकांच्या घरून येणारा डबा. तिच्या मनात लख्ख प्रकाश पडला.

"मालक," ती म्हणाली, "त्यो डबा मला देता? तुमाला जिलबी मी देते."

व्यवहार तिथल्या तिथं ठरला. रोज दुपारी कोठीत अदलाबदल व्हायची. पाटगावकर पोत्याआड बासुंदी ओरपायचे आणि त्यांची नाचणी शेवंता घरी आणायची. महिपतीनं पहिला घास घेतला आणि त्याचा चेहरा असा झाला, की शेवंताला झडपेचीच काळजी वाटली. "श्रीमंत लोकं हे पैसं दिऊन खात्यात?" त्यानं विचारलं. पण खाल्लं त्यानं. श्रावण खाल्ला, भाद्रपद खाल्ला. रात्री स्वप्नात जिलब्या यायच्या, त्याही तो आता नको म्हणायचा, न जाणो केसात उतरल्या तर. डोक्यावर काळं-पांढरं गवत उगवलं. मिशीही वर आली. पण धाप वाढत चालली होती. आता न्हाणीघरापर्यंत जाऊन आला तरी तो भिंतीला टेकायचा आणि शेवंता भांड्यांचा आवाज करत बसायची, म्हणजे त्याचं धापणं आपल्याला ऐकू आलं नाही असं त्याला वाटावं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा दोघं पुन्हा खिडकीपुढं गेली. ऋजुतानं केस कापला, यंत्रात घातला. यंत्र गुणगुणलं. महिपती मनातल्या मनात नाचणीला नमस्कार करत होता.

ऋजुतानं पडदा जवळ ओढून पुन्हा वाचला.

"काय झालं?"

"काका, तुम्ही उच्च गटात गेलात."

"म्हंजी पास?"

"म्हणजे श्रीमंत. मध्यम हा शब्दच गेला त्यातून."

झालं होतं ते असं. पाटगावकरांसारखे हजारो सधन लोक आहाराच्या खुळापायी गरीब ठरायला लागले, तेव्हा सरकारनं गणपतीच्या सुमारास यंत्राला नवीन गोष्ट शिकवली. गरिबाच्या केसात चढउतार असतात. मिळालं तेव्हा खाल्लं, नाही तेव्हा नाही. श्रीमंताच्या केसात मात्र सरळ रेघ असते, कारण तो रोज ठरवून तेच खातो. नाचणी, मूग, जवस, साखर शून्य आणि रेघ अशी आखल्यासारखी सरळ! असा केस आता फक्त पैसेवाल्याचाच असू शकतो, हे यंत्र शिकलं होतं. आणि महिपतीच्या डोक्यावर नेमकी तीच रेघ उगवली होती.

महिपती मटकन बाकावर बसला. त्याला हसू आलं आणि हसताना धाप लागली. "शेवंते, पाटगावकराची समदी श्रीमंती आली बघ माज्या डोक्यावर. नुसती द्राक्षबाग तेवडी ऱ्हायली."

शेवंता हसली नाही. ती खिडकीशी गेली, पदर मागं सारला आणि वेणी पुढं घेतली. "माझा घ्या, ताई. काय व्हनार न्हाई म्हाईत हाय. पन घ्या."

केस यंत्रात गेला. या वेळी यंत्र बराच वेळ गुणगुणलं. ऋजुताच्या कपाळाला आठी पडली. तिनं बटणं दाबून पुन्हा वाचन केलं.

"काकू, तुम्ही मांसाहार करता?"

"छे!" शेवंता गळ्यातल्या माळेला हात लावून म्हणाली. "अंडंसुदीक न्हाई."

"यंत्र तर म्हणतंय, भरपूर. नायट्रोजन खूप वर आहे. गेल्या वर्षभर, त्याच्या आधीही..." ती बोलता बोलता थांबली. तिनं आणखी एक तक्ता उघडला, दुधाची रेघ बघितली, साखरेची बघितली. दोन्ही नव्हत्याच. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मांसच आहे. पण बाहेरचं नाही."

"मंग कुनाचं?" महिपतीनं विचारलं.

"त्यांचं स्वतःचं. पोटात अन्न जात नसलं ना काका, की शरीर आपल्याच अंगाचं मांस वापरतं. आपणच आपल्याला खातो. केसात ते मांसाहारासारखंच दिसतं." ऋजुतानं चष्मा काढून पुसला. "काकू काही खातात का?"

"खाते की!" शेवंता एकदम फणकारली, जणू कुणी तिच्यावर चोरीचा आळ घेतला होता. "चव बघताना खाते. करपलेला भात खाते. उपास असला म्हंजी चा पिते. तुमचं मशीन कायबी बोलतंय."

महिपती बायकोकडे बघत राहिला. त्याला डबा आठवला. रोज रात्री ती डबा त्याच्यापुढं उघडायची आणि ‘मी तिथंच जेवून आले’ म्हणायची. त्याला सोमवार आठवला, चतुर्थी आठवली, एकादशी आठवली, आणि आपण केलेल्या सगळ्या चेष्टा आठवल्या. एकाच डब्यातलं खातो, असं त्यानं या खिडकीपुढं छाती काढून सांगितलं होतं. तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. त्या कधीपासून घसरतात हे त्याला सांगता आलं नसतं, आणि त्याची त्याला इतकी लाज वाटली, की झडपेचं दुखणं त्यापुढं हलकं वाटलं.

"पात्र," ऋजुता म्हणाली. "सगळं घर पात्र. काका, उद्या दाखल व्हा."

नवी झडप बसली. मोठी गुणी झडप निघाली ती. शिमग्यापर्यंत महिपती जिना एका दमात चढायला लागला. डॉक्टरीणबाईंनी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मात्र जन्मभरासाठी लिहून दिल्या. गोळ्याही योजनेतूनच मिळणार होत्या आणि योजनेचा केस दर वर्षी नव्यानं तपासला जाणार होता.

उन्हाळ्याच्या तोंडाशी शुभदा कार्यालयात त्यानं पहिली वरात वाजवली. मिशी पूर्ववत डोलत होती. वऱ्हाड पांगल्यावर तो मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेला. शेवंता डबा भरत होती. त्यानं तिच्या हातातून डबा घेतला, तिला पाटावर बसवलं आणि ताटात चार जिलब्या, मठ्ठा, मसालेभात, वर तूप असं सगळं वाढून पुढं ठेवलं.

"जेव."

"आज चतुर्थी हाय."

"चतुर्थी काल झाली. आता पंचांग मी बघतोय."

शेवंतानं ताट सरकवलं. आजूबाजूला कुणी नाही हे बघून ती हलक्या आवाजात म्हणाली, "खुळ्यागत करू नगा. माज्या केसावर तुमच्या गोळ्या हायत. मी खाल्लं तर योजनेचं कार्ड जाईल."

महिपतीनं यावर विचार केलेला होता. दवाखान्यातल्या खाटेवर पडून दुसरं त्यानं काहीच केलं नव्हतं. वाढायच्या टेबलावर जिलब्यांची परात होती. तिच्याकडे त्यानं एकदा, शेवटचं म्हणून, डोळे भरून बघितलं आणि पाठ फिरवली.

"एकाचा केस गरीब असला की बास, असं म्हनाली न्हवं ती पोरगी? मग तुजाच कशापायी? इतकी वर्सं तू केलीस, आता पाळी माजी. करपलेला भात इकडं दे. आन नाचनी न्हाई हां, त्यानं मानूस श्रीमंत होतंय. मिळंल तवा, मिळंल ते. मशीनला जसं आवडतंय तसं."

"तुमी? जिलबीबिगार?"

"व्हय. एकदा म्हागं उपाशी हुतो की, नाचनी खाऊन." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "हे जुनं केस तेवडं काडून टाकतो उद्या. लोकांनी इचारलं तर सांग, अथनीचं चुलतं गेलं."

"ते तर गेलं की गेल्या साली!"

"मग धाकटं गेलं म्हन. आन ती घोडीबी."

शेवंताला हसू फुटलं. हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला आणि तशीच म्हणाली, "घोडी नगा मारू. सुताराची म्हातारी लई रडती." महिपतीनं खरडलेलं पातेलं पुढं ओढलं आणि करपलेल्या भाताचा घास घेतला. तो भयंकर लागत होता. तरी त्यानं तोंड वाकडं केलं नाही, कारण शेवंता त्याच्याकडे बघत पहिली जिलबी खात होती, आणि दुसरी तिनं कुणी न सांगता उचलली.